कुंपणाबाहेरचं ऊन

अंदमानातल्या वांडूरच्या धक्क्यावर वनखात्याचा माणूस पिशवी उघडून बघतो. वरवर नाही, तळापर्यंत. आमचा गट जळगाव, भुसावळ, सावदा, फैजपूरकडचा. तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत शेव, चिवडा, फुटाणे आणि केळीचे वेफर्स निघणार हे ठरलेलंच होतं. खानदेशी माणूस विमानाने निघाला तरी बरोबर खाण्याची पिशवी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आणि हे सगळं प्लास्टिकच्या पुड्यांत. टेबलावर ढीग झाला. एका काकांनी हिंदीत समजावून पाहिलं की पुडा फोडणारच नाही, नुसता सोबत राहू द्या. तो माणूस हसला आणि पुडा ठेवून घेतला. पाण्याची बाटली न्यायची तर अनामत रक्कम भरायची, परत येताना तीच बाटली दाखवून पैसे घ्यायचे. माझ्या आईने दशम्या आणि लसणाची चटणी स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून आणली होती. तिचा डबा उघडला, बघितला, परत दिला. त्या दिवशी बोटीत आईचा भाव एकदम वधारला.

मला तो माणूस आवडला. ‘संरक्षित क्षेत्र’ अशी पाटी मी पुष्कळ ठिकाणी वाचली आहे. पाटीपाशी फोटो काढायचा आणि पुढे पाहिजे ते करायचं, असाच बहुतेक ठिकाणचा रिवाज. इथे पाटीला हात फुटले होते.

पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आता ज्याला श्री विजयपुरम म्हणायचं त्या गावापासून, वांडूर तीसेक किलोमीटर. तिथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. १९८३ मध्ये ते जाहीर झालं. सुमारे २८१ चौरस किलोमीटर. त्यात पंधरा बेटं, त्यांच्यामधल्या खाड्या, काठाची खारफुटी आणि पाण्याखालची प्रवाळं. पर्यटकाला यातल्या दोनच बेटांवर पाय ठेवता येतो, तोही आळीपाळीने: कोरड्या महिन्यांत जॉली बॉय, उरलेल्या महिन्यांत रेड स्किन. एक उघडं असतं तेव्हा दुसरं विश्रांती घेतं. सोमवारी सगळंच बंद. बेटावर दुकान नाही, चहाची टपरी नाही, मुक्काम नाही. दिवसाउजेडी गेलात तसं दिवसाउजेडी परत यायचं.

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत हे ठिकाण ‘ऐच्छिक’ या सदरात होतं, जादा पैसे भरून. मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी. ते योग्यच आहे. त्या कोठड्यांपुढे उभं राहिल्यावर आमच्या गटातले एरवी सतत बोलणारे लोकही गप्प झाले. समुद्र मग जोडीला येतो: पाण्यावरची स्कूटर, किनाऱ्यावरचं शहाळं, फोटो. जेल बांधायला सुरुवात झाली १८९६ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, बेटांवरच्या वसाहतीत, आमच्या सातपुड्याच्या अंगाखांद्यावरचा एक माणूस येऊन पोहोचला होता. बडवानीकडचा भिल्ल नायक भीमा. १८५७ पासून खाज्या नायकाबरोबर त्याने इंग्रजांना सेंधवा-शिरपूरच्या घाटात हैराण केलं. १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. पुढे तो पकडला गेला, काळ्या पाण्यावर पाठवला गेला आणि १८७६ मध्ये तिथेच वारला. जन्मभर डोंगर पाहिलेल्या त्या माणसाने हे पाणी रोज पाहिलं असेल. आमच्या सहलीच्या वाटाड्याने त्याचं नाव घेतलं नाही. आमच्याबरोबर आलेल्या शेतकरी आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मंग आपला माणूस पह्यलेच येऊन गेला इठी.”

वांडूरच्या रस्त्यावर सिप्पीघाट लागतं. गाडीतले बाकीचे झोपले होते. आबा खिडकीशी होते. “हे वावर होतं,” ते म्हणाले. मला दिसत होतं ते खाऱ्या पाण्याचं पसरट तळं, कडेला उभी वाळकी खोडं. पण शेतकऱ्याला बांध पाण्याखालीही दिसतो बहुतेक. त्यांचं बरोबर होतं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, सुमारे मीटरभर, आणि उत्तरेकडे ती वर उचलली गेली. उत्तरेत प्रवाळं पाण्याबाहेर आली आणि उन्हात मेली. इकडे भाताची खाचरं भरतीच्या पाण्याखाली गेली ती गेलीच. त्सुनामीचं पाणी त्याच दिवशी ओसरलं, पण शेतं वर आली नाहीत. आबा बराच वेळ मागे वळून बघत राहिले.

बोट तासभर चालली. दोन्ही बाजूंना खारफुटी, मग उघडा समुद्र, मग जॉली बॉय. बेट असं काही मोठं नाही. हिरवं डोकं आणि भोवती पांढऱ्या वाळूची कडा. मोठी बोट दूरच थांबते आणि तळाला काच बसवलेली लहान होडी आपल्याला किनाऱ्याकडे नेते. काठाला बसायचं, मधल्या काचेत वाकून पाहायचं.

आता खरं सांगते. पहिली दहा मिनिटं बोटीतल्या सगळ्यांचा विरस झाला. जाहिरातीतल्या फोटोंत लाल, जांभळं, केशरी असतं. काचेखाली आलं ते बव्हंशी तपकिरी, खाकी, कुठे मळकट हिरवं. मध्येच करड्या तुकड्यांचा खच, पाडलेल्या घराच्या राड्यासारखा. एका बाईंनी विचारलं, “याच्यासाठी जादा पैसे?” होडीवाला रोज हा प्रश्न ऐकत असणार. त्याने काहीच उत्तर दिलं नाही, होडी थोडी पुढे नेली आणि वल्हं थांबवलं. खाली सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचं रान होतं आणि त्यात निळे, बोटभर मासे एकदम आत शिरत होते, एकदम बाहेर येत होते. बाजूला मेंदूसारख्या वळ्यांचा एक गोल, बैलगाडीच्या चाकाएवढा. एक शिंपला जबडा वासून बसलेला. होडीची सावली पडली तसा त्याने तो हळूच मिटला.

“हे सारं जित्तं हाये?” आबांनी विचारलं. “मले वाटलं दगडं.”

मी वाचून गेले होते, म्हणून मास्तरीण झाले. प्रवाळ म्हणजे मुगाएवढ्या, कधी त्याहून बारीक प्राण्यांची वसाहत. प्रत्येक जण आपल्या बुडाखाली चुनखडीचा कप बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंतची भूक त्यावर भागते. तपकिरी रंग त्या शैवालाचाच. म्हणजे ज्याला आम्ही मळकट म्हणून नाकं मुरडत होतो तोच तब्येतीचा रंग. पांढरंशुभ्र प्रवाळ दिसलं तर काळजी करायची. गोलसर जात वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, फांद्यांची जात दहाएक सेंटिमीटर. तो चाकाएवढा गोल माझ्या आजोबांच्या आधीचा असणार.

किनाऱ्यावर उतरल्यावर मुखवटा आणि नळी लावून वाटाड्याचा हात धरून मी पाण्यात गेले. दशमीचे वाटे करत आई सावलीत बसली. पाण्याखाली पहिल्यांदा लक्षात येतो तो आवाज. टचटच, करकर, सतत. त्यात पोपटमाशाचाही वाटा असतो. पोपटासारख्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, बरोबर चुनखडीही खातो, ती पोटात दळतो आणि मागून वाळू सोडतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला काही क्विंटल वाळू तयार करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आमचा गट चपला काढून फोटो काढत होता तिच्यातली बरीचशी अशी बनलेली. हे मी वर येऊन सांगितलं तेव्हा ज्या काकांची शेव धक्क्यावर राहिली होती त्यांनी पाय झटकले.

आमच्या काळ्या बेसॉल्टच्या मुलखात चुनखडीचं अप्रूप वाटतं. पण समुद्र आमच्यापासून वाटतो तितका लांब नव्हता कधी. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात, लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बागच्या परिसरात, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचे थर आहेत. शिंपले सापडतात त्यांत. पश्चिमेकडून समुद्राचा एक हात आत शिरला होता. नंतर लाव्हा आला आणि त्याच्यावर आम्ही आलो, केळी लावायला.

वाळूवर एका मुलीने पांढरा, फांदीदार तुकडा उचलला. वाटाड्याने लगेच तिच्या हातातून घेऊन परत पाण्यात टाकला. मेलेला असला तरी नाही. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्या पंगतीत. विमानतळावरही सामान तपासतात. मुलीची आई म्हणाली, “यांच्या बापाने बोटात घातलंय ते चालतं का मग?” आणि सगळे हसले, कारण खरंच, गटातल्या निम्म्या पुरुषांच्या बोटात पोवळं होतं. अमळनेरला मंगळ ग्रहाचं मंदिर आहे, मंगळवारी तिथे तोबा गर्दी असते, आणि पत्रिकेत मंगळ असलेल्यांना पोवळ्याची अंगठी सुचवणारे जाणकार आमच्याकडे घरटी एक. जळगावच्या सराफात ती मिळते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या प्रवाळ अंगावर वागवतो आहोत! पण ते लाल पोवळं या कुळातलं नव्हे. परंपरेने ते येतं भूमध्य समुद्रातून. ते अंधुक उजेडात, खोल खडकांवर वाढतं, त्याच्या अंगात शैवालाचा भाडेकरू नाही. त्याचे हाल वेगळे, मुख्यतः खणून काढणाऱ्यांनी केलेले.

जेवताना आबांनी त्या करड्या खचाबद्दल विचारलं. होडीवाल्याने सांगितलं, काही वादळाचं, काही जुनं, आणि “दो हज़ार दस में सब सफ़ेद हो गया था.” त्या उन्हाळ्यात अंदमानचा समुद्र तापला आणि प्रवाळं सर्वदूर पांढरी पडली. काही सावरली, पुष्कळ मेली. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर अंशभर चढून काही आठवडे तसंच राहिलं की आतलं शैवाल विषारी होऊ लागतं आणि प्रवाळ त्याला बाहेर काढतं. मग खालचा चुना दिसतो. ते मरण नव्हे, उपासमार. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परत येतो, नाही निवलं तर संपलं. जगभर असं मोठ्या प्रमाणावर झालं ते १९९८ मध्ये, मग २०१० मध्ये, मग २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून चौथ्यांदा. दोन फेऱ्यांमधलं अंतर बघा.

“एका अंशानं?” आबा म्हणाले.

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर त्यात अविश्वास असता. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की आमच्याकडे लोक एकमेकांना फोन करून सांगतात, जणू मुलगा मेरिटमध्ये आला. पण आबांचं रावेर तालुक्यात केळीचं वावर आहे. माणसाला न कळणारा अंश केळीला कळतो हे त्यांना कोणी शिकवायला नको. पारा चाळिशीच्या वर गेला की झाडाची वाढ थांबते. पानं फाटतात, कडा जळतात, आणि ऐन वजनावर आलेला घड दांड्यातून सटकतो. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरला की चरका, म्हणजे थंडीचा फटका. म्हणून उन्हाळ्याच्या आधी बागेच्या पश्चिमेला शेवरी लावतात, गजराज गवत लावतात, हल्ली हिरवी जाळी बांधतात. गरम वारा तिथे अडतो. ते पाण्याकडे बघत म्हणाले, “कुंपणानं वारा अडते, ऊन नाही अडत.”

मी धक्क्यावरच्या त्या माणसाचा विचार करत होते. तो शेवेचा पुडा अडवू शकतो, बाटली मोजून घेऊ शकतो, मुलीच्या हातातला तुकडा परत टाकायला लावू शकतो. त्याचा उपयोग नाही असं कोणी म्हणू नये. ज्या प्रवाळावर लंगर पडत नाही, पाय पडत नाहीत आणि जिथे शेवाळ खाणारे मासे शाबूत आहेत तिथे आजारातून उठायची आशा जास्त. पण २०१० चं पाणी काही तिकीट काढून आत आलं नव्हतं. ते जिथून तापलं त्यात आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातल्या कोळशाचाही खारीचा वाटा, आणि आम्ही ज्या विमानाने आलो त्याचाही. हे मी गटात बोलले नाही. सहलीत असं बोलणाऱ्या माणसाशेजारी परतीच्या बोटीत कोणी बसत नाही.

परतताना आबांनी शेतकऱ्याचा प्रश्न काढला. “यांचं बेणं कुठून येते?”

प्रश्न फार चांगला होता. दोन रीती आहेत. वर्षातल्या ठरावीक रात्री, बहुधा पौर्णिमेच्या आसपास, अनेक जाती एकाच वेळी पाण्यात बीजं सोडतात. त्यांची पिल्लं वाहत जातात, कुठेतरी खडक धरतात. दुसरी रीत म्हणजे मोडलेली फांदी. ती नीट टेकली तर तिथेच वाढते. मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवं लावायचे प्रयोग जगभर चालतात ते बहुतेक या दुसऱ्या रीतीने: फांद्यांचे तुकडे लोखंडी चौकटीला बांधून पाण्यात सोडायचे.

“मंग ते आपल्या केळीसारखंच झालं,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला आनंदापेक्षा काळजी ऐकू आली. केळीला बी नाही. कंद लावा, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांची बाग) ठेवा नाहीतर प्रयोगशाळेतलं टिश्यूचं रोप आणा, सगळी एकाच झाडाची लेकरं. आज जळगावच्या ट्रकमधून जाते ती बहुतेक ग्रँड नैन. तिच्या आधी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची जात होती; मर रोगाने १९५० च्या दशकात ती बाजारातून उठवली, कारण एक झाड ज्या रोगाला बळी पडतं त्याला सगळीच पडतात. एकाच फांदीचे हजार तुकडे लावून उभी केलेली प्रवाळाची बाग पुढच्या तापलेल्या उन्हाळ्यात एकाच दिवशी पांढरी पडेल. म्हणून आता काही ठिकाणी पौर्णिमेच्या रात्री बीजं गोळा करून वेगवेगळ्या वाणाची रोपं वाढवतात, उष्णता सोसणारे वाण हुडकतात. आबांना हे पटलं. वाण बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असं ते स्वतःच्या बागेबद्दलही म्हणत असतात, आणि दरवर्षी ग्रँड नैनच लावतात.

त्यानंतरच्या एप्रिलात मी गावी गेले होते. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान मोजून रोज नकाशा काढते, तो मी फोनवर आबांना दाखवला. त्यात किती तापलं याबरोबर किती आठवडे तापलेलं राहिलं याचाही हिशेब असतो. अंश गुणिले आठवडे. बेरीज चारावर गेली की प्रवाळ पांढरं पडू लागतं, आठावर गेली की मरू लागतं.

“हा तं आपला इमा हाये,” आबा लगेच म्हणाले.

खरंच तसंच आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीची उन्हाची भरपाई मिळते ती बाग बघून नव्हे. महसूल मंडळातल्या केंद्राचं तापमान ठरलेल्या अंशाच्या वर, ठरलेले सलग दिवस राहिलं तर मिळते. एक दिवस पारा खाली आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत आमच्या घरी सकाळी देवपूजेआधी कालचा पारा विचारला जातो.

मग मी त्यांना मेक्सिकोतल्या क्विंताना रू राज्याची गोष्ट सांगितली. तिथल्या किनाऱ्यासमोरच्या प्रवाळरांगेचा विमा उतरवला होता. २०२० च्या ऑक्टोबरात डेल्टा नावाचं चक्रीवादळ आलं, ठरलेल्या वेगाच्या वर वारा नोंदला गेला आणि भरपाईचे पैसे मिळाले. त्यातून पाणबुड्यांनी मोडलेल्या फांद्या गोळा करून परत बसवल्या.

आबांनी चष्मा काढला. “हप्ता कोण भरते?”

“तिथलं राज्य सरकार. हॉटेलं त्या प्रवाळामुळेच चालतात, लाटा तेच अडवतं.”

“अन् भरपाई वाऱ्याची?”

“वाऱ्याची.”

“तापमानाची?”

“त्यात नाही.”

“मंग अर्धाच इमा झाला,” आबा म्हणाले, आणि तिथून त्यांची गाडी आपल्या मंडळातल्या तापमानयंत्रावर गेली: ते कसं भलत्या जागी, निंबाच्या सावलीत बसवलं आहे, दुपारी तिथे चक्क गुरं बसतात, आणि त्याचा आकडा बाहेरच्या पाऱ्याच्या दोन अंश खाली कसा राहतो. तक्रारीचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचं होतं.